पहिला पोर्टफोलिओ: मेसच्या खाड्यापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी मुलगी सोलापूरहून पुण्यात आलेली, बी.कॉम. झालेली. यूएक्सचा (ॲप किंवा साइट वापरायला सोपी करण्याच्या कामाचा) सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, तीन प्रोजेक्ट आहेत: एक फूड डिलिव्हरी ॲप, एक फिटनेस ॲप आणि एका प्रसिद्ध म्युझिक ॲपचं रीडिझाइन. ज्युनिअर प्रॉडक्ट डिझायनर म्हणून बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, पण मुलाखतीचं बोलावणं एकही नाही. चुकतंय कुठे? आणि काम बेहान्सवर (डिझायनर आपलं काम मांडतात ती साइट) ठेवावं की स्वतःची वेबसाइट करावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लगेच संपतं. बेहान्स, नोशन, फ्रेमर, स्वतःचं डोमेन, काहीही चालेल. लिंक मोबाइलवर लॉगिन न मागता उघडली पाहिजे आणि उघडताक्षणी काम दिसलं पाहिजे. होमपेजवर नाव कसं उडत यावं याच्या ॲनिमेशनमध्ये आठवडेच्या आठवडे घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते. तेवढ्या वेळात एक अख्खा प्रोजेक्ट उभा राहतो.

आता पहिला प्रश्न. तुम्ही दिलेली लिंक पाहिली. स्क्रीन वाईट नाहीत. रंग जमलेत, मोकळी जागा ठीक सोडली आहे. पण मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनचंच काम करते, टीममध्ये कुणाला घ्यायचं तर पोर्टफोलिओ वाचणं माझ्याकडे येतं, आणि फिटनेस ॲपची ती केस स्टडी (प्रोजेक्ट कसा घडला त्याची गोष्ट) मी वाचायला घेण्याआधीच मला पाठ होती. पंचविशीतला आयटीवाला, जिमला वेळ नाही, त्याचा पर्सोना, म्हणजे काल्पनिक वापरकर्त्याचं चित्र. मग एम्पथी मॅप, म्हणजे त्याला काय वाटतं, तो काय बोलतो याचा तक्ता. मग गूगल फॉर्मचा पाय चार्ट. मग पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा फोटो. मग थेट चकचकीत स्क्रीन. मधल्या गोष्टींचा शेवटच्या स्क्रीनशी काही संबंध आहे का, हे शोधायला गेलं तर सापडत नाही. पाय चार्ट काढून टाकला असता तरी स्क्रीन तेच राहिले असते.

पोर्टफोलिओ बघणारा माणूस एक गोष्ट शोधत असतो: दोन रस्ते समोर होते, यांनी एक घेतला, तो का घेतला? असे प्रसंग दोन-तीन दिसले की बोलावणं येतं, कारण मुलाखतीत विचारायला काहीतरी असतं. तुमच्या फूड डिलिव्हरी ॲपमध्ये असा प्रसंगच येऊ शकत नाही. हॉटेलवाला कोण, कमिशन किती, ऑर्डर रद्द झाली तर पैसे कुणाच्या खिशातून जातात, यातलं काही तुम्हाला माहीत नव्हतं, माहीत असण्याची सोयही नव्हती. नियम नाहीत, पैसा नाही, चिडलेला माणूस नाही. मग निर्णय कशावर घेणार? उरतो तो रंग.

म्हणून माझा सल्ला: तिन्ही प्रोजेक्ट बाजूला ठेवा आणि जिथे तुम्ही रोज जेवता तिथून सुरुवात करा.

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलामुलींपैकी बरेच जण मेसला जेवतात. महिन्याचे पैसे आगाऊ, तारखांचं कार्ड, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. भिंतीवर सूचना: खाडा आदल्या दिवशी सांगावा. तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही. आणि महिनाअखेरीला ठरलेली वादावादी. 'काकू, मी चार दिवस गावाला होतो.' 'सांगितलं होतंस का?' 'फोन केला होता की.' वहीत नोंद नाही.

याचा प्रोजेक्ट करायचा म्हटलं की दहातली नऊ मुलं 'आजचा मेनू' दाखवणारा होम स्क्रीन काढून मोकळी होतात. तुम्ही तसं करू नका. आधी दोन-तीन मेसमध्ये जाऊन नुसतं बसा, दुपारच्या गर्दीनंतर काकूंशी बोला. त्यांच्या डोक्यात दिवसभर एकच प्रश्न असतो: आज रात्री पानं किती? कणीक किती भिजवायची ते त्यावर ठरतं. मेंबरच्या डोक्यातला प्रश्न वेगळा: माझे पैसे वळते होणार का? हे दोन प्रश्न एकाच खाड्याच्या दोन बाजू आहेत आणि भांडण त्यांच्या मध्ये होतं. एवढं कळलं की तुमच्या केस स्टडीचा पहिला परिच्छेद लिहून झाला, आणि त्यात पर्सोना लागला नाही.

आता पहिला निर्णय. काकूंसाठी ॲप हवं का? त्यांचे हात पिठाचे, फोन बहुधा मुलाच्या हातात, आणि व्हॉट्सॲप सोडून दुसरं काही उघडायची सवय नाही. त्यांना रोज ठरलेल्या वेळी एक मेसेज गेला, 'आज रात्री ४३ पानं, खाडे ७', तर काम झालं. म्हणजे निम्मं ॲप तुम्ही केलंच नाही, आणि का केलं नाही ते लिहिलं. पोर्टफोलिओत हे लिहायला मुलं घाबरतात, कमी स्क्रीन दिसतील म्हणून. माझ्यासारखीला मात्र तिथेच थांबून नीट वाचावंसं वाटतं.

दुसरा निर्णय जरा जवळून दाखवते, कारण डिझाइनचं खरं काम असंच चालतं. मेंबरने खाडा कसा टाकायचा? पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो कॅलेंडरचा. महिन्याचं पान, प्रत्येक तारखेत दुपार आणि रात्र असे दोन भाग, ज्या जेवणाला नाही त्यावर बोट ठेवा. दिसायला सुरेख. आता मापं घ्या. साध्या अँड्रॉइड फोनसाठी स्क्रीनची रुंदी ३६० (डिझाइनमधली पिक्सेलसारखी मापं) धरून काम करतात. दोन्ही कडांना १६ सोडले की उरले ३२८. आठवड्याचे सात वार, म्हणजे एका तारखेला जेमतेम ४७. त्याचे दोन भाग केले की साडेतेवीसच्या आसपास. गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत बोट ठेवायच्या जागेसाठी ४८ सुचवले आहेत. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, कमीत कमी २४ चं माप दिलं आहे. तुमची चौकट त्याच्याही खाली जाते. हलत्या एसटीत उभं राहून शुक्रवार रात्रीऐवजी शुक्रवार दुपार दाबली जाणार, हे ठरलेलंच.

मग कॅलेंडर सोडून द्यायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या: कोणत्या जेवणापासून, कोणत्या जेवणापर्यंत? शुक्रवार रात्रीपासून सोमवार दुपारपर्यंत. खाली लगेच उत्तर: एकूण ५ जेवणं. शुक्रवारचं एक, शनिवारची दोन, रविवारचं एक कारण संध्याकाळी बंदच, सोमवारचं एक. हा आकडा दिसला की 'सोमवार धरून की सोडून?' हा महिनाअखेरीचा वाद जागेवरच मिटतो.

आणि इथेच पुढचा गुंता सापडतो. पाच जेवणं म्हणजे तीन दिवस झाले का? तारखा मोजल्या तर चार, जेवणं मोजली तर अडीच दिवस. भिंतीवरचा नियम म्हणतो तीन दिवसांपेक्षा कमी धरणार नाही. तुम्ही काय कराल? नियम बदलणं तुमच्या हातात नाही, पैसे काकूंचे आहेत. तुम्ही त्यांना जाऊन विचाराल, आणि बहुधा कळेल की त्या माणूस बघून ठरवतात. जुना मेंबर असेल तर धरतात, नवा असेल तर नाही. हे सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं? मी तुमच्या जागी असते तर ॲपला निकाल द्यायला लावला नसता. खाडा 'कळवला' म्हणून नोंदवला असता आणि 'मंजूर' ही वेगळी पायरी काकूंच्या व्हॉट्सॲपवर ठेवली असती. तुम्हाला वेगळं सुचेल. सुचलं पाहिजेच.

तुमचं बी.कॉम. इथे कामाला येतं, आणि ते तुम्ही पोर्टफोलिओत कुठेच लिहिलेलं नाही याचं मला नवल वाटलं. खाडे वळते करायचे दोन मार्ग आहेत. एकात कार्डाची शेवटची तारीख पुढे सरकते. दुसऱ्यात पुढच्या महिन्याच्या पैशांतून वजावट होते. पहिला मेंबरला सोपा वाटतो, पण मग प्रत्येकाचा महिना वेगळ्या तारखेला संपतो आणि काकूंना एक तारखेला एकगठ्ठा येणारी रक्कम तुटक तुटक येऊ लागते. दुसऱ्यात वसुली सुटसुटीत, पण मेस सोडून जाणाऱ्याला रोख परत द्यावी लागते. ज्याने कधी खातेवही लिहिलेली नाही तो डिझायनर हा फरक विचारणारच नाही. तुम्ही विचाराल. पुण्या-मुंबईत पैशांच्या व्यवहारांवर चालणारी प्रॉडक्ट भरपूर आहेत, आणि जमा-नावे समजणारा डिझायनर त्यांना सहजी मिळत नाही.

याशिवाय बारक्या अडचणी निघतात त्यांची यादी करा, मग त्यातल्या दोन-तीनच सोडवा: एक वेळचे मेंबर, सोबत आलेल्या पाहुण्याचं जेवण, दिवाळीत मेसच बंद, वेळ टळून गेल्यावर आठवलेला खाडा, नेट नसताना टाकलेला खाडा. बाकीच्या 'या वेळी घेतल्या नाहीत' म्हणून सरळ लिहून टाका.

मेसच घ्या असा माझा हट्ट नाही. घरी दुधाचा रतीब असेल तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज किती लिटर आणि कधी खाडा याच्या खुणा असतील. महिनाअखेरीचा हिशोब कोण करतं, दूधवाल्याच्या वहीशी तो का जुळत नाही ते बघा. गावाकडे शेती असेल तर ई-पीक पाहणी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची. एकदा वडिलांबरोबर किंवा काकांबरोबर बांधावर जा आणि ते नोंद करताना मध्ये न बोलता बघा. उन्हात स्क्रीन दिसतो का, गट नंबर पाठ आहे का, लोकेशन मिळेपर्यंत किती वेळ उभं राहावं लागतं, रेंज कुठे जाते. किराणा दुकानातली उधारीची वही, सोसायटीचा मेंटेनन्स, अभ्यासिकेतल्या जागांचं वाटप. कसोटी एकच: त्या कामात दोन माणसांचं हित वेगवेगळं असावं आणि दोघांशीही तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलता यावं.

प्रसिद्ध ॲपच्या रीडिझाइनबद्दल माझं मत जरा कडक आहे. करू नका. करायचंच असेल तर एवढंसं घ्या आणि स्क्रीनमागचा नियम आधी समजून घ्या. मुंबई लोकलच्या मोबाइल तिकिटाचं उदाहरण नवशिक्यांचं लाडकं. रेल्वेच्या यूटीएस या तिकीट ॲपवर स्टेशनच्या आवारात किंवा रुळांच्या अगदी जवळ असताना पेपरलेस तिकीट निघू नये असा बंदोबस्त ठेवलेला होता. याला 'किती वाईट यूएक्स' म्हणत ती अट उडवून लावणारी रीडिझाइन मी पाहिली आहेत. अट होती ती तिकीट तपासनीस दिसल्यावर गाडीतच पटकन तिकीट काढून मोकळं होण्याचा मार्ग बंद करण्यासाठी. ती काढली तर ॲप सोपं होईल आणि रेल्वेचं नुकसान होईल. अट ठेवून, 'तुम्ही स्टेशनच्या फार जवळ आहात, पुलाच्या पलीकडे जाऊन काढा' हे माणसाला वेळेत आणि कळेल अशा भाषेत कसं सांगायचं, एवढ्यावरच कुणी काम केलं असतं तर मी त्या मुलाला त्याच दिवशी फोन केला असता.

चाचणीबद्दल. फिग्मातला (स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमधला) प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येणारा कच्चा नमुना, पुरे, तोही नसेल तर कागदावर काढलेले स्क्रीन चालतात. पाच जणांना बसवा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला पाच वापरकर्त्यांचा मुद्दा कोर्समध्ये ऐकला असेल. त्यामागे असं गृहीत आहे की एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेर येतात. तो हिशोब वापरातल्या अडचणी शोधण्यापुरता आहे. त्यावरून 'ऐंशी टक्के वापरकर्त्यांना ॲप आवडलं' असं लिहायचं नसतं. पाचपैकी चौघांना जमलं, तर 'पाचपैकी चौघांना जमलं' असंच लिहा. आकडा लहान आहे म्हणून कुणी हसत नाही. टक्के लावून फुगवला की हसतात, आणि पुढचं काहीच खरं मानत नाहीत.

आणि कुणाला 'आवडलं का?' विचारू नका. आपली माणसं तोंडावर छानच म्हणतात. काम द्या: 'तुम्ही शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी निघालात, सोमवारी संध्याकाळी परत येणार. खाडा टाका.' मग गप्प बसा. कुठे बोट थबकलं, कुठे मागे गेले, कुठे 'हे काय आता?' म्हणाले, ते टिपा. त्यानंतर एक स्क्रीन बदला आणि आधीचा व नंतरचा शेजारी शेजारी लावून खाली दोन वाक्यं लिहा. या जोडीला अख्ख्या केस स्टडीत सगळ्यात जास्त भाव आहे.

काकूंचा फोटो, वहीचं पान, मेंबरांची नावं आणि फोन नंबर यांत लोकांची खाजगी माहिती असते. विचारून फोटो काढा, नावं आणि नंबर पुसून टाका. हे केलेलं दिसलं की तुम्ही उद्या कंपनीचा डेटा कसा हाताळाल याचा अंदाज येतो.

मराठीचं एक वेगळंच प्रकरण आहे आणि ते तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. केस स्टडी इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा बंगळूरचा किंवा गुरुग्रामचा असू शकतो. पण मेसचे स्क्रीन मराठीत करा, आणि काकूंचं वाक्य त्यांच्याच शब्दांत ठेवून खाली अर्थ द्या. मराठी मजकूर घातला की लगेच कळतं डिझाइन कुठे फाटतंय. 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' आलं की बटण अपुरं पडतं, आणि मेसच्या ॲपमध्ये मुळात 'खाडा टाका' हवं. इंटर हा सगळ्यांचा आवडता फॉन्ट, पण त्यात देवनागरीच नाही. मराठी टाइप केलं की दुसराच फॉन्ट येऊन बसतो आणि अक्षरांची जाडी जुळत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू', किंवा नोटो सान्स देवनागरी, हे फुकट मिळतात. पॉपिन्समध्येही देवनागरी आहे. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. तिथे अंतर वाढवा आणि 'र्कीं', 'ट्रू' असली अक्षरं मुद्दाम घालून तपासा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावर मराठी रूप येतं. नावाच्या रकान्यातही तसंच. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदं लिहितात, आणि काही जण आडनाव लिहीतच नाहीत. इतकं बघणारा नवशिका विरळा.

दिसण्याकडे दुर्लक्ष करा असा याचा अर्थ नाही. पहिल्या झलकेत डोळ्याला खटकलं तर पुढे कुणी वाचत नाही, हे अन्यायाचं असलं तरी तसंच चालतं. हात बसवायचा तर रोज वापरातल्या एखाद्या चांगल्या ॲपचा एक स्क्रीन फिग्मात हुबेहूब काढा. अंतरं, अक्षरांचे आकार, आयकॉनची जाडी, सगळं. पंधरा-वीस स्क्रीन असे काढले की नजर तयार होते. ही रियाजाची कामं पोर्टफोलिओत मात्र ठेवू नका. फिकट राखाडी मजकुराची फॅशन सोडा: पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडच्या राखाडी रंगाचा कॉन्ट्रास्ट (उठावाचं प्रमाण) तीनपेक्षाही कमी भरतो, आणि डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या मजकुराला ४.५ लागतो. ७६७६७६ वर तो कसाबसा मिळतो. तुमच्या फिटनेस ॲपमधली सगळी उपशीर्षकं यात नापास होतात.

फिग्माची फाइलही लोक उघडून बघतात. 'फ्रेम ४२७' अशा नावांचे थर, एकाच बटणाच्या किंचित वेगवेगळ्या मापांच्या चार प्रती, ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे मांडणी आपोआप जुळवणारी सोय) कुठेच नाही: हे दिसलं की हा माणूस डेव्हलपरच्या हातात काय देणार याची काळजी वाटते. बटण, रकाना, यादीतली ओळ एवढेच कॉम्पोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार भाग) करा, पण नीट करा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रीनची रिकामी, लोड होतानाची आणि बिघडल्यावरची अवस्थाही काढा. पहिल्या दिवशी मेंबरचा एकही खाडा नाही, तेव्हा तो स्क्रीन काय म्हणतो?

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाखतीत विचारतील. आज वर्णन लिहिलं की साधने पाच मिनिटांत दहा स्क्रीन काढून देतात, आणि ते तुमच्या फूड डिलिव्हरी ॲपइतकेच देखणे असतात. वापरा, लपवू नका, कुठे वापरलंत ते एका ओळीत लिहा. केस स्टडीचा मजकूर मात्र स्वतः लिहा. मशीनने लिहिलेली केस स्टडी दुसऱ्या परिच्छेदात ओळखू येते, कारण त्यात काकू भांडत नाहीत.

आणखी एक. मोठ्या ॲपांवरून 'फक्त दोन जागा उरल्या', आधीच टिक केलेला विमा, 'नको, मला बचत करायची नाही' असलं नकाराचं बटण, हे सगळं नकळत उचललं जातं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अशा मांडणीविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. ती यादी वाचून आपले स्क्रीन एकदा तपासा.

आता मांडणी. केस स्टडीच्या पहिल्या स्क्रीनवर चार ओळी: कुणासाठी, अडचण काय, मी काय केलं, काय बदललं. त्याखाली शेवटचा स्क्रीन मोठा. बघणाऱ्याने एवढंच पाहून पान बंद केलं तरी त्याला गोष्ट कळली पाहिजे. मग तो खाली उतरलाच तर कॅलेंडर का सोडलं, मंजुरीची पायरी का ठेवली, हिशोब वळता करण्याचा कोणता मार्ग घेतला, चाचणीत काय फिसकटलं आणि काय बदललं. डबल डायमंडची (डिझाइनच्या पायऱ्या दोन हिऱ्यांत दाखवणारी) आकृती नको. ती वाचणाऱ्याला माहीत आहे, आणि तुमचं काम त्या आकृतीइतकं सरळ झालेलं नसणार हेही माहीत आहे. टीममध्ये केलेलं काम असेल तर तुमचा वाटा नेमका लिहा: 'मुलाखती दोघींनी घेतल्या, खाड्याचा फ्लो माझा, चित्रं तिची.' इंटर्नशिपमधलं काम कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दाखवू नका. गोपनीय स्क्रीन पोर्टफोलिओत टाकणारा उद्या आमचेही टाकेल, असा विचार होतोच.

किती प्रोजेक्ट? असा एक पूर्ण आणि दुसरा त्याच्या निम्म्या आकाराचा, वेगळ्या धर्तीचा. पहिला मोबाइलवरचा असेल तर दुसरा कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी घ्या, तक्ते आणि फॉर्म असलेला. एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात कुणाची कोणती कागदपत्रं यायची राहिली याचा तक्ता, हे तुम्हाला सहज जमेल. नोकऱ्यांमधलं बरंचसं काम अशाच रुक्ष स्क्रीनचं असतं आणि पोर्टफोलिओत ते जवळजवळ कुणी दाखवत नाही. जुन्या तिघांपैकी फूड डिलिव्हरी आणि म्युझिक ॲप काढून टाका. फिटनेसमधला एक स्क्रीन खरंच सुंदर आहे, तो शेवटी 'इतर' म्हणून राहू द्या, केस स्टडीशिवाय.

हे सगळं करायला, हातात एखादी नोकरी असेल तर ती सांभाळून, दीड-दोन महिने लागतील. त्या काळात अर्ज थांबवले तरी चालतील. नंतर पाठवाल तेव्हा एकाच मजकुराचा मेल सगळ्यांना पाठवू नका. कंपनीचं प्रॉडक्ट वापरून बघा, आणि मेलमध्ये तीन वाक्यं लिहा: मी कोण, माझ्या कामातला कोणता भाग तुमच्या कामाला जवळचा आहे, ही लिंक. लिंक थेट त्या केस स्टडीची द्या, होमपेजची नको. सोबत पीडीएफ जोडायची असेल तर हलकी ठेवा. रिक्रूटर ती मोबाइल डेटावर उघडतो. कुणी घरी करायची असाइनमेंट दिली तर किती वेळ अपेक्षित आहे ते आधी विचारा. कंपनीच्या चालू प्रॉडक्टचं आठवडाभराचं काम फुकट मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा, आणि 'त्याऐवजी माझ्या केस स्टडीवर तासभर बोलू या का?' असं सुचवून बघा. काही जण तयार होतात.

पाठवण्याआधी लिंक मैत्रिणीच्या फोनवर, तिचं लॉगिन नसताना उघडून घ्या. 'ॲक्सेस मागा' अशी पाटी दाखवणाऱ्या फिग्मा लिंक मला अजूनही येतात, आणि तो ॲक्सेस मागत बसायला कुणालाच वेळ नसतो.